एकाच पातेल्यातलं

सुनेनं जन्मात कधी मांस खाल्लं नव्हतं. पण घरात कोणतं मांस शिजायचं आणि कसं, हे तीच ठरवायची.

सासूबाई नातीला सांभाळायला आल्या त्या कुत्र्याला काखोटीला मारूनच. त्याचं नाव ढब्बू आणि वजन चार किलो. रांगतं मूल नि कुत्रा एका घरात, या विचारानं सुनेची झोप उडाली. तिनं आठवडाभर मिळेल ते वाचलं आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला. कोंबडी चालेल, पण कातडी काढून. शिजवलेलं हाड अजिबात नाही. त्याच्या चिरफळ्या होतात आणि एवढ्याशा आतड्याला भोक पाडतात. कोकराचं मांस चालेल, चरबी खरवडून. कलेजी आठवड्यातून एकदा, तीही नखाएवढी. सॉसेज, हॅम, खारवलेलं सगळं बंद. मीठ, कांदा, लसूण यांच्यापुढे लाल फुली.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. "आमच्या घरचा कुत्रा जन्मभर उष्टं खाऊन सोळा वर्षं जगला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचला."

सून हसली नाही. वर्षभराच्या मुलीच्या घासातही तिला मीठमसाला नको होता. मग दोघांसाठी वेगवेगळं कशाला रांधायचं? रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून ती एका पातेल्यात कोंबडी उकडायची, कुस्करायची आणि ऑफिसला पळायची. दुपारी सासूबाई ते गरम करून अर्धं नातीला, अर्धं ढब्बूला द्यायच्या. सुनेनं चव बघण्याचा प्रश्नच नव्हता.

आधी मुलगी घास थुंकायची. मग एके दिवशी तिनं वाटी संपवली, दुसऱ्या दिवशीही संपवली. ढब्बू तर ताटली चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत न्यायचा. सून ऑफिसात सांगत सुटली, "सवय लावली की लागते. बिनमिठाचं खाते माझी पोर."

वाटी संपायला लागल्यापासून दहाव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ढब्बू दाराशी आला नाही. तिनं त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रावरची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती. मुलीला नवऱ्याच्या हाती देऊन दोघी दवाखान्यात गेल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, आत जाऊन तपासलं आणि परत येऊन विचारलं, "खातो काय हा?"

सुनेनं पाढे म्हणावेत तसा कागद म्हणून दाखवला.

"एवढं काटेकोर मी माझ्या मुलांचंही बघत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या तांबड्या पेशी निम्म्यावर आल्यात. एक तर अंगच स्वतःचं रक्त खातंय. तसं असेल तर मला जबर औषध सुरू करावं लागेल, ते त्याला झेपेल की नाही सांगता येत नाही. नाहीतर पोटात काहीतरी विषारी गेलंय. मग ते औषध द्यायचंच नाही. कांदा, लसूण?"

"शक्यच नाही. स्वयंपाक मी करते."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून औषधाची बाटली काढली. ढब्बूच्या पाठीवरून फिरणारा सासूबाईंचा हात थांबलेला सुनेला दिसला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मी घालत होते. कांद्याची भुकटी."

"कशात?" सुनेनं विचारलं.

"पातेल्यात. अगं, तू गेलीस की दोन-दोन तास चमचा घेऊन मी तिच्या मागे. एक घास घेईल तर शपथ! भुकटी घातली आणि खायला लागली."

"आई, कागदावर एवढी मोठी फुली होती!"

"ती कुत्र्याच्या कागदावर होती. मी पोरीच्या घासात घालत होते." त्यांनी ढब्बूकडे पाहिलं. "पातेलं एकच आहे, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली ठेवली. "रोज किती?"

"चहाचा एक चमचा. गेले दहा दिवस. आज दुपारीसुद्धा."

"बोललात ते बरं केलंत. आता हे औषध नको. पण रक्त अजून काही दिवस उतरत राहील, त्यामुळे त्याला इथेच ठेवते. फार उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल."

"आणि माझी मुलगी? तिनंही तेच खाल्लंय."

"तिला काही होत नाही. कांदा माणसांना पचतो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तांबड्या पेशींचा आकडा आणखी उतरला होता. तिसऱ्या दिवशीही उतरला, पण थोडा. चौथ्या दिवशी सकाळी मुलीला शेजारणीकडे सोडून दोघी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसल्या. समोर एक मांजर पिंजऱ्यातून एकसुरी ओरडत होतं.

"चार शब्द बोल तरी मला," सासूबाई म्हणाल्या. "नुसती तोंड शिवून बसलीयेस. त्यापेक्षा भांडलीस तर बरं."

"मला दिसलं होतं, आई."

"काय?"

"सहाव्या दिवशीच तो मंदावला होता. सोफ्यावर चढेना. मी बघितलं." सुनेनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "म्हटलं बरं झालं, आता बाळाच्या अंगावर उड्या तरी मारणार नाही. तुम्हाला बोलले नाही."

सासूबाई तिच्याकडे वळल्या.

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस हे?"

"परवा सांगितलं. फोन करून."

"मला आज सांगतेस."

"हो."

आतलं दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आकडा कालचाच आहे. घसरण थांबली. रक्त द्यायची गरज नाही, संध्याकाळी घरी न्या."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग सुनेच्या बोटावरचा पट्टा सोडवला. बोट काळंनिळं पडलं होतं.

"त्याला आत्ता बघता येईल का?" त्यांनी विचारलं. "आम्हा दोघींनाही बघायचंय."