दुसऱ्या हातून

तिने चिमट्याने दोन उंदीर एकमेकांपासून सोडवले. एक केव्हाच मेला होता. जिवंत होता तो तरीही त्याच्या मानेला चावून बसलेला. ओढला तसा कातडीचा तुकडा दातांत घेऊनच सुटला. भुसा लाल, शेपूट लाल, तिचे हातमोजे लाल.

"नववा," ती म्हणाली.

निधीसंस्थेच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. प्रयोगशाळांमधून त्यांना पाठीमागे 'पुन्हाबाई' म्हणत. संस्थेच्या पैशांवर लागलेला कोणताही शोध माणसांवर आजमावण्याआधी दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातून, तसाच घडून आला पाहिजे, हा त्यांचा नियम. आणि त्या दुसऱ्या खेपेचा खर्चही संस्थाच करी.

शोध सरांचा होता. त्यांच्या औषधाच्या एका थेंबाने भांडखोर नर उंदीर एकमेकांना बिलगून झोपत. अकरा वर्षं झोपत आले होते. इथे, सरांच्याच या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत, तेच औषध पिऊन ते एकमेकांचे गळे फोडत होते. महिन्याभरात ते माणसांना द्यायचं होतं. राग आवरत नाही, घरच्यांवर हात उचलतात, अशी चाळीस माणसं निवडलेली. यादीत पहिलं नाव सरांच्या मुलाचं होतं. सरांनी ते कुणापासून लपवलं नव्हतं.

सर आता दारात उभे होते. पुन्हाबाईंनी निरोपच तसा धाडला होता: तुमच्याकडे ज्या हातांनी पिंजरे हाताळले, ते सगळे हात घेऊन या. म्हणून त्यांच्यामागे पिंजरे धुणारी मावशीही होती, पिशवी छातीशी धरून.

"तुझ्या हाताला गुण नाही," सर म्हणाले. "मात्रा चुकली असेल."

"तीनदा मोजली, सर."

"मग चौथ्यांदा मोज!"

"मोजली. त्या दिवशी दोन जास्त मेले."

सर जवळ आले. आवाज अगदी खाली आला.

"पोरी, तुला लिहायला कुणी शिकवलं? मीच ना? मग एवढंच लिही, की पिंजऱ्यांत गर्दी झाली होती. एवढंच."

"गर्दी नव्हती, सर."

जाळीचं लोखंडी झाकण सरांच्या हातात कधी आलं ते त्यांनाही कळलं नसावं. ते तिच्या भुवईवर बसलं. ती मांडणीवर आदळली, दोन पिंजरे खाली कोसळले. उंदीर फरशीवर पडले आणि पडल्या जागीच एकमेकांना भिडले.

"शांत हो!" सर ओरडले आणि बूट आपटला. हाडं मोडल्याचा बारीक आवाज आला. "शांत हो म्हणतो ना! किती वेळा सांगायचं तुला? शांत हो!"

बूट खाली येत राहिला. शेवटी पुन्हाबाईंनी त्यांना मागून मिठी घालून ओढलं आणि स्टुलावर बसवलं.

"बसा. तुम्ही मारलेला मी मोजत नाही."

मावशी एव्हाना कामाला लागली होती. मोडलेलं घर दिसलं की तिचे हात स्वस्थ बसत नसत. उरलेले उंदीर शेपटीला धरून उचलले, नवा पिंजरा घेतला, नवा भुसा पसरला. आणि जुन्यातला मळका कापसाचा पुंजका चिमटीत धरून नव्याच्या कोपऱ्यात ठेवला.

विद्यार्थिनी कपाळावर रुमाल दाबून बघत होती. रुमाल भिजून रक्त मनगटावर उतरलं होतं.

"मावशी, हे काय?"

"काही नाही, ताई." मावशीने हात मागे घेतला. "ठाऊक आहे मला, पिंजरा बदलताना जुनं सगळं टाकून द्या म्हणून लिहिलंय. साहेब ओरडतील म्हणून कधी बोलले नाही. पण काडीकाडीनं जमवलेलं, कुशीकुशीनं उबवलेलं. आपण एका झटक्यात झाडून टाकलं, तर मुकं जनावर तरी गप्प बसेल का?"

"कधीपासून करता असं?"

"पहिल्यापासून."

"आणि औषध न दिलेले पिंजरे?" पुन्हाबाईंनी विचारलं.

"ते आमच्याकडे खालच्या मजल्यावर. ते दुसरा माणूस धुतो. तो आपला लिहिलंय तसं करतो बिचारा."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा करा," पुन्हाबाई म्हणाल्या. "एका रांगेला औषध, जुना कापूस नाही. दुसरीला जुना कापूस, औषध नाही. खर्च संस्थेचा."

पाच दिवस सर रोज सकाळी येऊन त्याच स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. औषधाच्या रांगेत कान तुटले, पोटं फाटली. एकाने दुसऱ्याचा डोळा खाल्ला आणि मग शांतपणे मिशा पुसल्या. शेजारच्या रांगेत, औषधाचा थेंबही न घेतलेले नर कापसात एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून झोपले.

सहाव्या सकाळी पुन्हाबाईंनी कागद पुढे ठेवला. औषधाचा गुण आढळला नाही; माणसांवरची चाचणी थांबवावी.

"हरकत घेता येईल तुम्हाला. तिसरी प्रयोगशाळा बघेल. त्यात वर्ष जाईल, तोवर तुमचं नाव तसंच राहील. सही केलीत, तर हा निष्कर्षही आम्हीच छापू. मावशींच्या कापसासकट."

"माझं नाव नका घालू, बाई," मावशी पुटपुटली.

सरांनी विद्यार्थिनीच्या भुवईकडे पाहिलं.

"किती टाके?"

"चार."

त्यांनी मान हलवली आणि पेन उघडलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पण पलीकडचं सगळ्यांनाच ऐकू आलं. काहीतरी जड आपटलं, काच फुटली, मग एका बाईचा धापा टाकणारा आवाज, "अहो..."

"स्वयंपाकघरात जा," सर म्हणाले. "कडी लाव. तो काहीही म्हणू दे, तू आतून बोलू नकोस. मी निघालोच."

त्यांनी फोन खिशात टाकला. मग वाकून सही केली, पूर्ण नावानिशी, खाली तारीख घातली, आणि जिन्याकडे धावत सुटले.