अंजीर उघडायचा दिवस

सालोमत सकाळपासून धुमसत होती. मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत वसंतातला नवरोज सण होऊन महिना उलटला, तरी तिचं अंजिराचं झाड अजून मातीखालीच होतं. थंडीपूर्वी फांद्या वाकवायच्या, वर चटया घालून हातभर माती ओढायची आणि वसंतात उकरून झाड उभं करायचं, ही तिथली रीत. उकरायचं कधी, ते मात्र गल्लीतले थोरले तुर्दी-अका सांगणार. हे अका म्हणजे तिचे थोरले दीर.

गेल्या साली अकांनी लवकर सांगितलं, मागून हिम पडलं आणि अर्ध्या गल्लीची झाडं काळी पडली. चहाखान्यात लोकांनी त्यांना धू धू धुतलं. यंदा तर एप्रिल लागला तरी बर्फ हटेना, आणि आता आठ-दहा दिवस अंग भाजणारं ऊन. अका मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

"अहो, माती फुगलीय. आत कोंब फुटलेत. कुजेल माझं झाड!"

तिचा नवरा एर्गाश चहाच्या प्याल्यावर फुंकर घालत म्हणाला, "अका अजून बोलले नाहीत."

"अका जेवा म्हणाले नाहीत, तर उपाशी बसाल का?"

एर्गाश हसला. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. लग्नात माहेरून तिनं मागून घेतलेली एकच गोष्ट म्हणजे हे अंजीर, आणि वीस वर्षं तीच ते पुरत नि उकरत आली होती.

तेवढ्यात दोन्ही घरांमधल्या दारातून जाऊ, अकांची बायको, आली. "सालोमत, जुने पायमोजे, चिंध्या काही आहेत का गं? बांधायला हव्यात."

"काय बांधायला?"

जावेनं जीभ चावली. या दिवसांत चिंध्या एकाच कामाला लागतात, उकरलेल्या फांद्या खांबाला बांधायला.

सालोमत तिला बाजूला सारून थेट दिरांच्या परसात घुसली. तिथे अंजीर ताठ उभं होतं, टोकाटोकाला हिरवे कोंब. उकरून आठवडा तरी झाला असावा.

"मी कुणाला उकरू नका म्हटलं का?" झाडापाशी उभे असलेले अका तिला पाहून म्हणाले. "मी काहीच बोललो नाही. गेल्या साली बोललो, तेव्हा तुम्हीच जोडे हाणलेत."

"म्हणून आमची झाडं मातीत सडू दिलीत आणि स्वतःचं गुपचूप वाचवलंत? थोरले म्हणवता! लाज नाही वाटत?"

डोक्यावरचा रुमाल सावरल्याशिवाय ती या माणसासमोर कधी उभी राहिली नव्हती. आज रुमाल खांद्यावर आला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. ती तशीच गल्लीत आली.

"उकरा गं बायांनो! सगळ्या जणी अंजीर उकरा! हिम पडलं तर सालोमतला शिव्या घाला!"

घरी येऊन तिनं कुदळ घेतली. एर्गाश मागून आला. चटई उचलताच आंबूस वास आला. झाडाच्या अकरा खोडांतली आठ काळी पडली होती, बोटानं दाबलं की साल सुटत होती. तीन तेवढी वाचली होती. ती करवत घेऊन एकेक खोड कापत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते निव्वळ रागाचं. एर्गाशनं तोंड उघडलं.

"इतके दिवस बोलला नाहीत," ती म्हणाली, "आता मुळीच बोलू नका."

संध्याकाळी शेजारची जुमागुल आली. तिचं झाड धडधाकट निघालं होतं. "सालोमत-ओपा, मातीखालची डाळिंबं कधी उकरायची? तुम्ही सांगाल तेव्हा उकरू. गल्लीत सगळ्या तसंच म्हणताहेत."

सालोमतनं वर पाहिलं. डोंगराकडे ढग दाटले होते, वाराही गार सुटला होता. 'मला काय विचारता, तुमचं तुम्ही बघा,' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले, आणि ते तिला अकांच्याच आवाजात ऐकू आले. स्वतःचा इतका संताप आला तिला, की हातातली करवत तिनं खाली आपटली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "आणि जुमागुल, चुकलं तर माझ्या तोंडावर येऊन सांग."