ऐकू न आलेली अंगठी

मित्रांनो, मोरिवलीतल्या एका घराच्या माळ्यावर, गाद्यांच्या गठ्ठ्यामागे मी उभा आहे. मी मेटल डिटेक्टर आहे, म्हणजे जमिनीत पडलेला धातू शोधणारं यंत्र. माझ्या अंगात अजून दम आहे, तारा शाबूत आहेत. मला मोडलं म्हणून इथे ठेवलेलं नाही. मला का ठेवलं, तेच आज सांगतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, चंदर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दुकानात झाला. त्याने तांब्याच्या बारीक तारेचे ऐंशी वेढे घालून माझं गोल वेटोळं केलं. प्लास्टिकच्या पाइपचा दांडा आणि कुबडीची मूठ लावली. वेटोळ्यातून वीज उलटसुलट वाहते, तेव्हा त्याचा परिणाम जमिनीत वीतभर खोल पोहोचतो. तिथे धातू असला तर त्यातही लहानसे प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल मला लागते. मग मी वाजतो. सोनं मला पिवळं दिसत नाही. जमिनीतलं मला काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

माझ्यावर दोन बटणं आहेत. एकाने आवाज लहानमोठा होतो. दुसऱ्याला चंदर गाळणी म्हणायचा. ती फिरवली की मी आधी खिळे ऐकेनासा होतो, आणखी फिरवली की चांदीचा कागद ऐकेनासा होतो. मला विकताना चंदरने गिऱ्हाइकाला बजावलं होतं, "साईं, ये ज्यादा मत घुमाना. गुटखे की पन्नी और पतली अंगूठी, इसको दोनों एक जैसे लगते हैं."

ते गिऱ्हाईक म्हणजे मोरिवलीचे हिंदुराव. अंबरनाथ एमआयडीसीत तीस वर्षं फिटरचं काम करून निवृत्त झालेले. माणूस काटेकोर. गाळणी शून्यावर ठेवायचे आणि मी जितक्या वेळा वाजेन तितक्या वेळा खुरपं घेऊन खाली बसायचे. पन्नास खिळे निघाले तरी एक्कावन्नाव्या आवाजाला तितक्याच काळजीने माती बाजूला करायचे. बदलापूरच्या भातखाचरात लावणीच्या वेळी निसटलेलं एक जोडवं मी शोधलं. नदीच्या कोरड्या पात्रात, लोकांनी श्रद्धेने टाकलेली जुनी नाणी शोधली. कॅम्प पाचमधल्या एका दुकानदाराची अंगठी गटारातून काढलेल्या गाळात शोधली, तेव्हा त्याने मला हार घातला होता. लोक म्हणायचे, "हिंदुरावांचं मशीन खोटं बोलत नाही." हळूहळू हे वाक्य हिंदुराव स्वतःच म्हणू लागले. मलाही ते आवडायचं. आज त्या वाक्याची मला शिसारी येते.

बदलापूरजवळच्या एका गावात बनूबाईंच्या मुलाचं, अल्पेशचं लग्न होतं. आगरी घर. हळदीला सारा गाव लोटला होता. धवले गायला तुळशीबाय होती. धवले म्हणजे लग्नातल्या एकेका विधीची गाणी. ती म्हणणाऱ्या आणि विधी करवून घेणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आसपासच्या चार गावांतली लग्नं तुळशीबायनेच लावून दिली होती. हळद लावण्याआधी तिने अल्पेशला सांगितलं, "अंगठी काढून ठेव रं, हळदीनं निसटंल." साखरपुड्याची अंगठी काढायची नसते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्याने ती तशीच ठेवली. हळद लागली, अंगणातल्या मोरीवर आंघोळ झाली, आणि बोट रिकामं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांना निरोप आला. दुपारी वऱ्हाड निघायचं होतं. शोधायला जागा व्हावी म्हणून अंगणातला मांडव अर्धा उतरवला होता आणि जमिनीत मांडवाचे खिळे, बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्या यांचा खच पडला होता. हिंदुरावांनी मला चालू केलं आणि मी पावलापावलाला वाजू लागलो. ते बसायचे, उकरायचे, खिळा निघायचा. पुन्हा बसायचे, पुडी निघायची. भोवती गर्दी जमली.

"काका, मशीनला उचकी लागली काय ओ?" नवऱ्याचा भाऊ कल्पेश ओरडला.

"पानी पाजा त्याला!"

"अंगठीचं सोडा, भंगारवाल्याला बोलवा. चांगलं वजन भरंल!"

सगळे हसले. हिंदुरावांचे कान लाल झाले. ते माझ्यावर वाकले, आणि त्यांच्या अंगठ्याने गाळणी शेवटापर्यंत फिरवली.

मी गप्प झालो. सगळं अंगण गप्प झालं. त्यांनी मला तीनदा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं, मोरीच्या पाण्याने झालेल्या चिखलावरूनही फिरवलं. मी एकदाही वाजलो नाही. हिंदुराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बनूबाई, अंगठी या अंगणात नाही. माझं मशीन खोटं बोलत नाही."

"अंगणात नाय, मंग कुठं हाय?" बनूबाईंनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा एकीकडे गेल्या. नवऱ्याचे हात हातात घेऊन हळद कुणी चोळली होती? अंगठी काढ असं कुणी सांगितलं होतं?

तुळशीबाय पुढे आली. "हिंदूभाऊ, परत एकदा फिरवा. मी हात जोडते."

"तीनदा फिरवलं, बाई."

"चौथ्यांदा फिरवा. माझं नाव जातंय."

त्या वेळी हिंदुरावांनी गाळणी मागे घेतली असती, तर मी पुन्हा खिळ्यांवर वाजलो असतो. लोक पुन्हा हसले असते. त्यांनी मला पिशवीत घातलं.

तिला पोलिसांत दिलं नाही. गावात तेवढ्याची गरज नसते. पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढचंही नाही. त्या हंगामात एक लग्न तिच्या सख्ख्या भाचीचं, तेजलचं होतं. तिथे धवले मोबाइलवरून स्पीकरला लावले.

वर्षाने बनूबाईंनी हिंदुरावांना पुन्हा बोलावलं. अंगणाखालून गेलेला जुना लोखंडी पाइप कुठून वळतो, ते त्यांना बघायचं होतं. लोखंड ऐकायचं म्हणजे गाळणी शून्यावर आली. अंगण आता स्वच्छ होतं, हसायला कुणी नव्हतं. मोरीजवळ मी एकदा बारीक, नेमका वाजलो. जुन्या सवयीने हिंदुराव खाली बसले. खुरप्याच्या टोकावर मातीसकट पातळशी अंगठी आली. आतल्या बाजूला अल्पेशचं नाव कोरलेलं होतं.

बनूबाईंनी ती पदराला पुसली आणि मुठीत धरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता गावभर सांगून काय व्हायचा? आमचंच हसं. आनि तुमचं बी, हिंदुराव."

हिंदुराव मान खाली घालून म्हणाले, "बरोबर आहे."

चारच दिवसांनी तुळशीबाय मोरिवलीला आली. हिंदुराव त्या गावात पुन्हा काम करून गेल्याचं तिने ऐकलं होतं. ती आत आली नाही. दारातच उभी राहिली.

"हिंदूभाऊ, आता लग्न नाय, गर्दी नाय. एकदा ते अंगण परत बघाल? तिथंच पडली असंल ती. मी येते बरोबर, खड्डा मी खणीन."

मी खुंटीला टांगलेला होतो. हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "बंद पडलंय पार."

माझ्यात त्या दिवशी सकाळी घातलेल्या नव्या बॅटऱ्या होत्या आणि मी चालूच होतो. एक खिळा जरी कुणी माझ्याजवळ आणला असता, तरी मी घरभर ऐकू जाईन असा वाजलो असतो. पण मी फक्त धातूला उत्तर देऊ शकतो, आणि तुळशीबायच्या अंगावर धातूचा कणही नव्हता. ती पायरी उतरली. "देवानंच नाय ठेवली मंग," म्हणाली आणि गेली. संध्याकाळी मला माळ्यावर चढवलं. बिघडलेलं मशीन खुंटीला टांगून कसं चालेल?

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या असं तुम्हाला नेहमी सांगतात. धूळ पुसा, पावसात ठेवू नका. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण एखादं यंत्र गप्प राहिलं म्हणून लोक कुणा माणसाला चोर ठरवू लागले, तर पुढे व्हा आणि त्याचं बटण कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लोक हसतील. हसू द्या.

आणि तुमच्यापैकी कुणाला तुळशीबाय भेटली, तर तिला एवढं सांगा: अंगठी मोरीच्या कट्ट्यापासून अडीच हातांवर, चार बोटं खोल होती. हिंदुरावांना ठाऊक आहे. बनूबाईंना ठाऊक आहे. फक्त तिलाच कुणी सांगितलेलं नाही.