पाचव्या मजल्यावरची शांतता

दलालाने खिडकी लावून घेतली आणि ओठांवर बोट ठेवून नवराबायको दोघांना ऐकण्याची खूण केली. ऐकण्यासारखे काहीच नव्हते. पाचव्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या खोलीत उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्यात धुळीचे कण स्वप्नातल्यासारखे सावकाश तरंगत होते.

"इथे शेजारी भांडले तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही, काका."

पंपचालकाच्या मुद्रेवर समाधान पसरले. बावीस वर्षे त्याचा संसार पंपघराला चिकटलेल्या दोन खोल्यांत झाला होता. तिथे अष्टौप्रहर घरघर चाले. मांडणीवरची ताटेदेखील थरथरत. शहराच्या पाणीखात्यात बदली झाली, तेव्हा त्याने बायकोला शब्द दिला होता, की आता तुला सुखाची झोप लागेल अशी जागा पाहतो. परंतु शहरात येऊन आठ दिवस लोटले तरी विश्रामगृहात तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. काल तिने चहात मीठ घातले. संध्याकाळी विश्रामगृहाची खोली सोडायची होती, तेव्हा घर आजच ठरवणे भाग होते.

बायकोने भिंतीवर तळहात ठेवला, जणू ती भिंतीची नाडीच पाहत होती.

"गार पडलीय," ती पुटपुटली. मग म्हणाली, "छान आहे हो."

त्याने तेवढे शेवटचेच ऐकले.

दलालाने त्यांना त्याच इमारतीत खाली आणखी एक जागा दाखवायला नेले. ही पाहिली की आधीची आपोआप आवडते, असे त्याने जिन्यातच हसत कबूल केले. जागा दुसऱ्या मजल्यावर होती आणि खाली मोठी लाँड्री. आत पाऊल टाकताच फरशीतून एक जाड, अखंड घरघर तळपायांत शिरली. पंपचालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी आलोच आहोत म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, नळाखाली हात धरून त्याने पाण्याचा जोर पाहिला आणि टाकी किती उंचावर असावी ते दलालाला सांगितले.

परत येऊन पाहतो तो बायको भिंतीला पाठ लावून फरशीवर बसलेली. चपला बाजूला निघाल्या होत्या, हनुवटी छातीवर टेकली होती. ती गाढ झोपली होती.

"काकू तर राहायलाच आल्या," दलाल म्हणाला.

पंपचालकाने त्याचे मनगट धरून त्याला गप्प केले.

पंपघरात पंप मध्येच बंद पडे, तेव्हा धोक्याची घंटा वाजण्याआधी त्याच्या बरगडीत एक कोपर बसे. "अहो, थांबला," एवढेच ती म्हणे आणि तो धावत सुटे. आपण गेल्यावर ती कूस बदलून झोपत असेल, असे तो धरून चालला होता. या आठ रात्रींतही ते कोपर त्याला लागले होते. प्रत्येक वेळी "नवी जागा आहे, होईल सवय" असे म्हणून तो पुन्हा घोरू लागला होता.

त्याने तिच्या चपला उचलल्या, नीट जोडीने ठेवल्या आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"ही घेतो," तो हलकेच म्हणाला.

"काका, अहो ती वरची—"

"वरची मला आवडली होती."

तो तिच्या शेजारी भिंतीला टेकला. खोली हळूहळू वाहत्या नावेसारखी वाटू लागली. त्याचेही डोळे जड झाले, पण त्याने ते मिटू दिले नाहीत.

बऱ्याच वेळाने खालचे एक यंत्र थांबले. त्याने कान टवकारले. दुसरे थांबले, मग तिसरे, आणि फरशी निश्चल झाली. बायकोच्या पापण्या थरथरल्या. एक हात फरशीवर रोवून ती उठू लागली.

"अहो..."

"कळलंय मला," तो म्हणाला. "मी जागा आहे. तू झोप."

तिने अर्धवट डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. मग हात सैल सोडला, मान भिंतीला टेकवली आणि त्या शांततेतच तिचा श्वास पुन्हा संथ झाला.

दलालाने बूट हातात घेतले आणि तो अनवाणीच जिना उतरू लागला.