मष्णूला पहिली पसंती

सीमाभागात नाटक बघणाऱ्यांपेक्षा नाटकावर लिहिणारे जास्त, असं बेळगावातले नाटकवाले वैतागून म्हणतात. ते काही खरं नाही. लिहिणारे तिघंच आहेत. पण तिघंही इतकं लिहितात की वीसजण असल्यासारखं वाटतं.

या तिघांचं मिळून एक नाट्यसमीक्षक मंडळ आहे, आणि हे मंडळ दरवर्षी उत्तम अभिनयासाठी एक पितळी घंटा देतं. बाई असो, पुरुष असो, घंटा एकच. मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे निपाणीचे प्रेमानंद सर. आई तंबाखूच्या वखारीत राबली आणि मुलगा चिकोडीच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाला. सरांनी लिहिलेलं परीक्षण निपाणीत लोक जपून वाचतात, कारण वाक्य कुठं संपतं ते पटकन सापडत नाही. दुसऱ्या जयाबाई, शहापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नाटकाला त्या अजून हजेरी घ्यायला आल्यासारख्या बसतात. तिसरा रविराज, बेळगावच्या एका दैनिकातला, चाळिशी उलटली तरी मंडळात ‘नवी पिढी’ म्हणून धरला जाणारा.

घंटा कुणाला द्यायची हे शहापुरात कल्लाप्पाच्या हॉटेलात मिरची भजी खाता खाता ठरतं. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचे. पण तिघं एकमेकांचं अक्षर ओळखत होते, आणि त्यावरून एकदा असं काही वाजलं की जयाबाई कितीतरी दिवस सरांशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून नावं कल्लाप्पाच्या कानात सांगायची पद्धत पडली. कल्लाप्पा घरात कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो आणि जन्मात त्यानं एकही नाटक बघितलेलं नाही. त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडला नसता.

प्रत्येकानं गल्ल्यापाशी जायचं आणि त्याच्या कानात दोन नावं सांगायची, पहिली पसंती आणि दुसरी. तिघांचं पहिलं नाव एकच निघालं तर घंटा त्याला. नाही निघालं, तर पहिली नावं सोडून द्यायची आणि दुसऱ्या पसंतीत जे नाव जास्त वेळा येईल त्याला घंटा. कानात गेलेला शब्द परत घ्यायचा नाही, हाही नियम.

आता तीन समीक्षकांचं पहिलं नाव एक निघणं म्हणजे तीन जावांनी एकाच आमटीला चांगलं म्हणणं. तसं कधी घडलं नव्हतं. प्रत्येकजण आपला लाडका पहिला सांगायचा, आणि दुसऱ्या जागी कुणीतरी निरुपद्रवी, ज्याचा कुणाला रागही नाही आणि लोभही नाही असा. त्यामुळं घंटा दरवर्षी एखाद्या निरुपद्रवी माणसाच्या घरी जायची. लोक म्हणायचे, यांना नाटकातलं काही कळत नाही. कळायचं सगळ्यांना. पण कळलेलं नेमकं पहिल्या जागी असायचं.

यंदा मात्र सरांना तसं होऊन चालणार नव्हतं. कारण यंदा अंजनी होती.

अंजनी वडगावची, पॉवरलूमवर साड्या विणणाऱ्या घरातली सून. तिच्या गल्लीतल्या मंडळींनी ‘राहिलेला काठ’ हे नाटक बसवलं होतं. विणकर नवरा मरून पडलाय, लग्नाची साडी मागावर अर्धी आहे, आणि बायको त्या मढ्याशी पाऊण तास भांडते, असं ते नाटक. सर ते बघून इतके हलले की आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं परीक्षण एका परिच्छेदात संपलं. प्रयोगानंतर ते आत जाऊन तिला भेटले.

“सर, यंदा घंटा मिळाली तर बरं हुईल,” अंजनी तोंडावरचा रंग पुसत म्हणाली. “न्हायतर हे माझं शेवटचंच नाटक.”

“असं का म्हणतेस गं?”

“आत्यांनी सांगितलंय.”

तिची सासू सुलाबाई काही नाटकात असते तशी सासू नव्हती. सून तालमीला गेली की दुखऱ्या गुडघ्यांनी तीच मागापाशी उभी राहायची. पण तिचा हिशेब सरळ होता. ती म्हणाली होती, “मला नाटकातलं कळत न्हाय गं. ज्यास्नी कळतंय ती तीन माणसं हाईत म्हणं. त्यांनी घंटा दिली तर माझं पाय हाईत तवर माग मी बगतो, तू नाटक कर. न्हाय दिली, तर उगं कशाला जिवाला तरास?”

जाणत्यांवर एवढा विश्वास ठेवणारं माणूस सरांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. ते भारावून म्हणाले, “काळजी करू नकोस. मी आहे ना.” असं पुढाऱ्यानं बोलावं, परीक्षकानं बोलू नये. पण बोलून गेले.

निर्णयाच्या दिवशी निपाणीहून बसमध्ये बसल्यावर सर विचार करू लागले. अंजनीला पहिली पसंती द्यावी तर ती गेलीच; पहिल्या पसंतीचं आजवर कुणाचं भलं झालं होतं? तिला दुसऱ्या जागीच ठेवायला हवं. मग पहिल्या जागी कोण? कुणी बरा नट सांगावा, तर नेमकं दुसऱ्यांनीही तेच नाव सांगितलं म्हणजे? तिथं असं नाव हवं की जे शुद्धीवरचा माणूस सांगणारच नाही. संकेश्वर मागं पडेपर्यंत सरांना ते नाव सापडलं होतं.

मष्णू! हिंडलग्याचा मष्णू टेम्पोतून नाटकाचं सामान ने-आण करायचा. अंजनीच्या नाटकात नवऱ्याचं काम करणारा नट ऐन वेळी नोकरीला गोव्याला गेला, आणि मढ्याला पाठांतर लागत नाही म्हणून मष्णूला आडवा केला होता. पडदा उघडण्याआधीच तो मेलेला असायचा. सर बसमध्ये एकटेच हसले. एवढी साधी युक्ती आजवर कुणाला सुचली कशी नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

हॉटेलात तिघं एकेक करून गल्ल्यापाशी जाऊन आले. रविराज परत येताना मिशीत हसत होता. जयाबाई नातवाचा खाऊ लपवल्यासारख्या दिसत होत्या. सरांनी दोन्ही बघितलं आणि त्यातून काहीही ओळखलं नाही. नाटकात मात्र त्यांना चेहरे लगेच वाचता येत.

कल्लाप्पा हात पुसत टेबलापाशी आला. “साहेब, यंदा सोपं झालं बगा. पयलं नाव तिघांचं बी एकच हाय.”

सरांनी भज्यांची बशी पुढं ढकलली.

“मष्णू.”

रविराजच्या हातातलं भजं चटणीत पडलं. मग कल्लाप्पा भाबडेपणानं म्हणाला, “दुसरं नाव बी तिघांचं एकच हाय. सांगू काय?”

“नको!” तिघं एकदम ओरडले.

त्या एका ‘नको’त तिघांनाही सगळं उमगलं. तिघांनाही अंजनीच हवी होती. तिघांनीही तीच युक्ती केली होती, आणि तिघांनाही वाटलं होतं की ती फक्त आपल्यालाच सुचलीय. सरळ मनात होतं तसं सांगितलं असतं तर मंडळात पहिल्यांदा एकमत झालं असतं आणि घंटा वडगावला गेली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर तीन बैल रिकामे उभे होते.

नियम बाजूला ठेवून अजूनही कुणीतरी एकानं ‘चुकलं’ म्हणायला हवं होतं. पण म्हणायचं म्हणजे लबाडी कबूल करायची. म्हणून जो तो दुसऱ्याकडं बघत राहिला.

“खरं म्हणजे,” रविराज खाकरून म्हणाला, “त्याच्या त्या मौनात एक... अवकाश होता.”

“शिस्त होती,” जयाबाई म्हणाल्या. “पाऊण तास हलला नाही. वर्गात असा एक मुलगा मला मिळाला नाही.”

दोघंही सरांकडं बघू लागले. सर म्हणाले, “अभिनय जिथं संपतो तिथून मष्णू सुरू होतो.” आणि ते वाक्य आपल्या तोंडून गेलं याची त्यांना मनापासून लाज वाटली. परतीच्या बसमध्ये अंजनीला फोन करावा म्हणून त्यांनी कितीदा तरी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

बातमी पेपरात आली. दुसऱ्या दिवशी मष्णूचाच फोन आला.

“सर, चुकून माझं नाव छापलंय काय?”

“नाही रे, तुलाच आहे.”

“पण मी कायच केल्यालं न्हाय.”

“तेच आवडलं,” सर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

“बरं, मग ते कार्यक्रमात करून दावायचं कसं?”

हे सर विसरलेच होते. घंटा घेणाऱ्यानं आधी त्या कामाचा एक तुकडा करून दाखवायचा, अशी मंडळाची प्रथा होती. मष्णू म्हणाला, “नुसतं पडून ऱ्हायलो तर लोक म्हणतील झोपला. मरायचं तर रडणारं कोणतरी पायजे. अंजनीआक्काला इचारू काय?”

त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली. पेपर वाचला त्या दिवशी सुलाबाईनं फक्त “बरं, मिटलं मग” म्हटलं होतं आणि सून मागावर उभी राहिली होती. पण सून रविवारी निघाली तेव्हा सुलाबाईनंही मागाची बटणं बंद केली. “शेवटचं हाय म्हणतीस, तर मी बी येतो. एकदा तरी बगावं.”

रविवारी सकाळी शहापूरच्या शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत तिघं परीक्षक अवघडून बसले होते. मागच्या रांगेत सुलाबाई होती, आणि दाराशी कल्लाप्पा. आपल्या कानातून काय बाहेर पडलं ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून तो हॉटेल बंद करून आला होता.

मष्णू आडवा झाला. अंजनी त्याच्यापाशी आली आणि तिनं रडायला नव्हे, भांडायलाच सुरुवात केली.

“उठ रं. काठ कोण भरणार? लोकाच्या पोरीचं लगीन हाय, आणि तू निजलास. जरीचा धागा मला लावाय येत न्हाय म्हाईत हाय न्हवं तुला? हात धरून शिकीवतो म्हणालतास. कवा शिकीवणार? आता?”

शेवटचा शब्द तिनं इतका हळू म्हटला की मागच्या रांगेत माणसं पुढं वाकली. जयाबाईंनी चष्मा काढला. आणि मग मढ्याची हनुवटी थरथरली. बंद डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, आणि मढ्यानं मोठ्यानं नाक ओढलं. एकही माणूस हसलं नाही.

घंटा हातात घेऊन मष्णू सरांना म्हणाला, “माफ करा सर. रोज आवरतो, आज आवरलं न्हाय.”

कार्यक्रम संपला. सुलाबाई गुडघ्यावर हात टेकत पहिल्या रांगेपाशी आली. तिचे डोळे लाल होते.

“त्या मढ्याला घंटा दिली ती तुमीच काय?”

“हो,” सर म्हणाले.

“तिघांनी मिळून?”

“तिघांनी.”

साडीत चुकीचा धागा दिसावा तसं तिनं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. “मला वाटलं, तुमास्नी कळतंय,” ती म्हणाली. मग अंजनीकडं वळली. “चल गं. पुढचं नाटक कवा बसतंय ते इचारून घे. माग मी बगतो. आता ह्यास्नी काय इचारायचं न्हाय.”

अंजनी तिच्याकडं बघतच राहिली. सरांच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि तरीही कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखे गाल गरम झाले. आमच्याही मनात हीच होती, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

पण दाराशी कल्लाप्पाला राहवलं नाही. त्यानं वाकून सुलाबाईच्या कानात ते दुसरं नाव सांगितलं, तिघांचंही.

सुलाबाई थांबली. वळून तिनं पहिल्या रांगेकडं बघितलं.

“म्हंजे कळत हुतं?” ती तिथूनच म्हणाली. “मग तर लईच अवघड हाय, बाबा.”

आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्या उतरू लागली, तालमी सकाळी असतात की संध्याकाळी ते विचारत.