घासलेली काच

धुरपताच्या छातीतली शिट्टी एवढी खणखणीत, की दरेकशाच्या टेसनावरून दोनदा गाडी गार्डाच्या आधीच सुटली म्हणतात. खोटं वाटत असेल तर गार्डाला विचारा. तो मेला, ही गोष्ट वेगळी.

सकाळी बैलांसाठी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, काढायला गेली की तिचा दम सुरू. सासरा टिकाराम म्हणायचा, क्षय आहे, माहेरी धाडा. नवरा बिसरामने शेवटचं म्हणून दवाखान्यात नेलं. ती बाहेर चिंचेखाली बसली आणि डॉक्टरने समजावलं ते बिसरामला. क्षय वाटत नाही. ओल्या तणसीची बुरशी हवेतून छातीत जात असावी. ही चिकट काच तणसीजवळ दिवसभर ठेव; बुरशी तिच्यावर बसली की मी दुर्बिणीतून पाहतो.

बिसरामने काच ठेवली. बायकोला समजावून सांगायची गरज त्याच्या सात पिढ्यांत कुणाला पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "हे काच डाक्टरले देऊन ये."

काच पाहून धुरपता लाजेने अर्धी झाली. दुसऱ्याची वस्तू अशी चिकट, मळकी परत करायची? तिने राखेने घासून ती इतकी लख्ख केली, की कचारगडचा डोंगर तीत भांग पाडून गेला असता. रिकामी तरी कशी द्यायची, म्हणून वर चिमूटभर पोहे ठेवले.

डॉक्टरने कपाळावर हात मारला. डबीत घालून दुसरी काच दिली आणि या वेळी तिलाच सगळं समजावलं. पण काचेत काही निघालं नाही, ही बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. तिचं गाठोडं अंगणात होतं.

"मंग खयच हाय," टिकाराम म्हणाला. बिसराम बैलाला पाणी पाजायला निघून गेला.

कोहमाऱ्याला भावाचं चहाचं हॉटेल होतं, तणीस नव्हती. पंधरा दिवसांत शिट्टी थांबली. तरी खात्री पटावी म्हणून धुरपता चार महिने थांबली, मग बरी झालेली छाती दाखवायला सासरी निघाली.

दरेकशाला उतरली, तर घराकडून शिट्टी ऐकू आली.

तणसीपाशी हिरव्या चुड्याची नवी सून छाती धरून बसली होती. ओसरीवरून टिकाराम म्हणाला, "हिलेबी खय निघाला. आमचं नशीबच फुटकं."

धुरपताने गाठोड्यातली डबी उघडली, काच तणसीजवळ ठेवली आणि त्या पोरीला म्हणाली, "उद्या दवाखान्यात तूच ने, बाई. आन घासू नोको."