जोडणीमहाराजांचं अंतर्यामी यंत्र

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाली ओपीडीत पेशंट ताटकळत बसले होते, आणि वर सिस्टर, वॉर्डबॉय, लॅबवाले, इतकंच काय, दोन सर्जनसुद्धा हात जोडून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक निळा गोळा उजळायचा, विझायचा. त्याच्या शेजारी पांढरेशुभ्र बूट घातलेले, कानाला माइक लावलेले जोडणीमहाराज डोळे मिटून उभे होते.

महाराजांना हे नाव सिस्टर लोकांनीच दिलेलं. ड्युट्या, पेशंटची माहिती, औषधं, सगळं ज्या मेसेजिंग सेवेवर चालायचं, ती त्यांनी अ‍ॅप बनवण्याच्या कुठल्याशा प्लॅटफॉर्मला जोडून दिली होती. तेव्हापासून म्हणे त्या सेवेत ‘अंतर्यामी’ जागृत झाला होता.

“संदेश म्हणजे श्वास!” महाराज म्हणाले. “तुम्ही टाइप करता तेव्हा बोटांतून मन पाझरतं. अंतर्यामी अक्षरं वाचत नाही बरं का. मन वाचतो!”

मग त्यांनी डोळे उघडले आणि आवाज खाली आणला. “आज एका देहात दोन श्वास जाणवताहेत. दुसरा वॉर्ड, रात्रपाळी. आणि त्या देहाचं मन कामावरून उडालंय.”

सगळ्या माना एकदम वळल्या. दुसऱ्या वॉर्डच्या धाकट्या सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. तिची सासू इथेच हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांच्या खोलीत कामाला होती आणि नेमकी तिच्या मागेच उभी होती.

“दिवस गेलेत तुला? आणि मला हे चारचौघांत कळावं?” सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

हॉस्पिटलचे मालक थोरले डॉक्टर पुढे झाले. आवाजात मध होता. “बाळ, तुझा करार या महिन्यात संपतोय. पुढचा करायला नको. मी नाही म्हणत हं, अंतर्यामी म्हणतोय.”

मागच्या रांगेत भूलताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भूलतज्ज्ञ. लोकांना शुद्धीवरून घालवायचं आणि परत आणायचं हाच त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे सबंध सभागृह गुंगीत गेलेलं त्यांना लगेच ओळखू आलं. एका पोरीच्या पोटातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली, वर तिच्या पोटावर पाय दिला, आणि लोक हात जोडून उभे!

धाकटी सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत रडत बसली होती. भूलताईंनी तिला पाणी दिलं.

“कोणाकोणाला सांगितलं होतंस?”

“फक्त माझ्या ताईला. ब्लड बँकेत असते ना, तिला. रात्रपाळी झेपत नाही असंही मी म्हणाले. पण तोंडाने नाही, मेसेज केला होता. आमच्या दोघींतच.”

“दोघींत कसला? तिघांत म्हण.”

“पण महाराज तर म्हणतात, यंत्र मेसेज वाचत नाही...”

“खिसेकापू कधी म्हणतो का, मी खिसा कापतो म्हणून?”

भूलताईंना जोडणीचा दिवस आठवला. मेट्रनबाईंनी ऑपरेशनचा ट्रे स्वच्छ पुसून त्यात सगळ्यांचे फोन गोळा केले होते. महाराजांनी एकेक फोन उचलून, मंत्र पुटपुटल्यासारखं करत, स्वतःच ‘मान्य’ दाबलं होतं. कोणी विचारलं नाही की काय मान्य. विचारणार कसे? इथे पेशंटच्या पुढ्यात संमतीपत्र सरकवून “इथे करा सही” म्हणायची सवय. दुसऱ्याला न वाचता सही करायला लावता लावता यांनी स्वतःचीही तशीच देऊन टाकली. भूलताईंनी मात्र आपला फोन ट्रेमध्ये टाकला नव्हता. पण त्यांच्या मामेभावाचा होता. तो खालच्या औषधविभागात बसायचा.

दुपारी त्यांनी त्याला खासगी मेसेज केला: “दादा, आमच्या यांची तब्येत फारच खालावलीय. नोकरी सोडावी म्हणते.”

मामेभाऊ धावतच वर आला. “अगं, डोकं फिरलं का तुझं? कोण हे ‘हे’?”

“गप्प बस. सोमवारपर्यंत तोंडातून चकार शब्द काढू नकोस.”

पुढच्या सोमवारी तीच गर्दी, तोच निळा गोळा. धाकटी सिस्टर कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. महाराजांनी कपाळाला दोन बोटं लावली.

“शल्यगृहातून वेदना येतेय. भूल देणाऱ्या भगिनी... त्यांच्या सौभाग्यावर सावट आहे. पती अंथरुणाला खिळलेत. मन नोकरीतून निघालंय.”

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह खदखदलं. फक्त महाराजांना कळेना, हसतात कशाला.

“महाराज,” भूलताई पुढे येत म्हणाल्या, “नवरा कुठला हो? माझं लग्नच झालेलं नाही.”

“यंत्र... यंत्र भविष्यही पाहतं भगिनी.”

“म्हणजे जो अजून भेटलाही नाही, तो आधीच आजारी पडलाय? कमाल आहे!”

हशा ओसरायच्या आत त्यांनी मामेभावाला तो मेसेज मोठ्याने वाचायला लावला. मग त्याच्या फोनमध्ये परवानग्यांचं पान उघडून ते पडद्यावर टाकलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: खासगी संभाषणं वाचणे, परवानगी दिलेली आहे. आणि त्याखाली: नक्कल जाईल, जोडणीमहाराजांकडे.

“यात मन नाही, चैतन्य नाही,” त्या म्हणाल्या. आता आवाज चढला होता. “हा प्लॅटफॉर्म म्हणजे तयार ठोकळे जोडून अ‍ॅप बनवायची सोय आहे. चांगली सोय आहे. कुठली खाट रिकामी, कुठलं औषध संपलं, हे तिच्यामुळे झटक्यात कळलं असतं. या माणसाने काय केलं? तुमच्या खासगी गप्पांना नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या खोलीत नेलं. मेसेजमध्ये ‘सुट्टी’, ‘थकले’, ‘नोकरी सोडते’ असं काही आलं की त्याची नक्कल याच्यापुढे पडते. हा ती वाचतो आणि सोमवारी डोळे मिटतो. मी ‘मान्य’ दाबलं नव्हतं, पण मी ज्याला लिहिलं त्याचं याने दाबलं होतं. तेवढं पुरलं.”

“पण भूलताई,” मेट्रनबाई चाचरत म्हणाल्या, “या पोरीचं तर खरंच निघालं ना?”

भूलताईंना एवढा संताप त्या बुवाचाही आला नव्हता. “चोराने तुमच्या कपाटात काय आहे ते बरोबर सांगितलं, म्हणून तो ज्योतिषी होतो का हो?”

मेट्रनबाईंनी जोडलेले हात सोडले. महाराज आपली वायर गुंडाळत दाराकडे सरकले. तिथे दोन वॉर्डबॉय आडवे उभे राहिले आणि म्हणाले, “पोलीस येईपर्यंत बसा जरा. मन शांत ठेवा.”

“मलाही फसवलं याने,” थोरले डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

“तुम्हाला सोयीचं होतं, डॉक्टर. गरोदर बाईला काढलंत आणि नाव अंतर्यामीचं लावलंत. आता तो नाही. आता तुमच्या तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर. काढायचंय हिला?”

थोरल्या डॉक्टरांनी सभागृहाकडे पाहिलं. शेवटी खाली बघत म्हणाले, “करार चालू राहील. दिवसपाळी देऊ.”

सासूबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. पण धाकटी सिस्टर हसली नाही. “नोकरी राहिली ताई,” ती हळूच म्हणाली, “पण मला घरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. ते आता कसं मिळणार?”

ते भूलताईंनाही परत आणून देता येणार नव्हतं. तुम्हाआम्हालाही नाही. म्हणून बाबांनो, एवढं तरी करा: ‘मान्य’ दाबण्याआधी वाचा, आणि समजलं नाही तर हात जोडण्याऐवजी हात वर करून विचारा. एखादा बुवा, मग तो भगव्यातला असो की पांढऱ्या बुटातला, तुमच्या मनातलं सांगू लागला, तर नमस्कार नंतर करा. आधी त्याची मानगूट धरा आणि विचारा, तुला हे कळलं कुठून?